नोंद, वस्तू आणि प्रत : सर्व्हरच्या व्यवस्था-डेटाबेसच्या पुनःस्थापनेचे विवेचन

प्रस्तुत विवेचनाचा विषय मर्यादित आहे. एका सर्व्हरवर अनेक ग्राहकांची संकेतस्थळे, ईमेलची खाती आणि डेटाबेस एकत्र नांदतात. त्यांचा कारभार ज्या कंट्रोल पॅनेलवरून चालतो, त्या पॅनेलचे स्वतःचेही काही डेटाबेस असतात. ते बिघडले असता स्वयंचलित बॅकअपमधून पूर्वस्थितीत कसे आणावेत, आणि ‘पूर्वस्थितीत आणणे’ याचा नेमका अर्थ काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे. तांत्रिक उदाहरण म्हणून लिनक्सवरील प्लेस्क हे पॅनेल घेतले आहे. तत्त्व इतर पॅनेलांनाही लागू पडते. ऐतिहासिक उदाहरणे तंजावर आणि त्याच्या परिसरातील आहेत. नोंद ठेवणे, तिची प्रत करणे आणि प्रतीवरून नोंद पुन्हा उभी करणे या तीन क्रिया तेथे सुमारे सहस्र वर्षांच्या अवधीत, शिलेपासून मोडी कागदापर्यंत निरनिराळ्या माध्यमांत, सुट्या सुट्या पाहता येतात. संगणकावर त्या एकाच पडद्यावर काही मिनिटांत उरकतात, आणि त्यामुळे त्यांच्यातील भेद दृष्टीआड होतो.

प्रथम संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. ‘वस्तू’ म्हणजे ग्राहकाचा प्रत्यक्ष ऐवज : संकेतस्थळाच्या फाइली, आलेली-गेलेली टपाले, ग्राहकाने भरलेली माहिती. ‘नोंद’ म्हणजे त्या वस्तूंविषयीचे ज्ञान : अमुक डोमेन कोणाच्या मालकीचे, त्याला किती जागा मंजूर, कोणते ईमेल खाते कोणाच्या नावे, कोणाला कोणता अधिकार. प्लेस्कमध्ये ही नोंद मुख्यतः ‘पीएसए’ नावाच्या डेटाबेसमध्ये असते. जोडीला ‘एपीएससी’ आणि वेबमेल, पीएचपीमायअ‍ॅडमिन यांसारख्या घटकांचे लहान डेटाबेस असतात. या सर्वांना मिळून ‘व्यवस्था-डेटाबेस’ म्हणू. ‘प्रत’ म्हणजे नोंदीची विशिष्ट क्षणी काढलेली नक्कल. ती कोणी न सांगता ठरावीक वेळी निघत असेल तर ‘स्वयंचलित प्रत’. चौथी संज्ञा ‘पुनःस्थापना’ ही होय. प्रत पुन्हा मूळ जागी भरली म्हणजे पुनःस्थापना झाली, अशी सामान्य समजूत आहे. ती अपुरी आहे. नोंद आणि वस्तू यांचा परस्परमेळ पुन्हा प्रस्थापित झाला म्हणजेच पुनःस्थापना झाली, अशी व्याख्या येथे स्वीकारली आहे. पुढील सर्व विवेचन या व्याख्येतून निष्पन्न होते.

नोंद आणि वस्तू परस्परांवर अवलंबून असतात, परंतु समप्रमाणात नव्हे. पीएसए डेटाबेस नष्ट झाला तरी संकेतस्थळे बहुधा चालूच राहतात. पॅनेलने वेब सर्व्हरसाठी आधीच लिहून ठेवलेल्या संरचना-फाइली जागेवर असतात, आणि अपाची किंवा एनजिनएक्स पॅनेलला न विचारता त्यांच्या आधारे काम करतात. पॅनेल उघडत नाही, नवे खाते निघत नाही, पासवर्ड बदलता येत नाही. पण कालचा कारभार कालच्यासारखा चालत राहतो. ही स्थिती फसवी आहे. ग्राहकाची तक्रार येत नाही म्हणून व्यवस्थापक निश्चिंत राहतो, आणि दरम्यान प्रतींचे वय वाढत जाते. उलटपक्षी वस्तू नष्ट होऊन केवळ नोंद उरली, तर नोंद ही यादीमात्र होय.

यावरून नोंद दुय्यम आहे, वस्तूंकडे पाहून ती केव्हाही पुन्हा लिहिता येईल, असा निष्कर्ष कोणी काढील. तो चूक आहे. नोंदीतील माहितीचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग वस्तूवरून अनुमानता येण्याजोग्या माहितीचा : अमुक नावाची निर्देशिका आहे, त्या अर्थी त्या नावाचे डोमेन असले पाहिजे. दुसरा वर्ग अनुमानास अगम्य माहितीचा : मालकी, मर्यादा, अधिकार, मुदत, पासवर्ड. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर दोन्ही वर्ग शेजारी शेजारी वाचता येतात. इ.स. १०१० च्या सुमारास राजराज चोळाने पूर्ण केलेल्या या मंदिरातील एका दीर्घ शिलालेखात मंदिरसेवेसाठी निरनिराळ्या गावांतून आणलेल्या ४०० नर्तकींची नोंद आहे. प्रत्येकीचे नाव, ती मूळ कोणत्या देवळातील, तिचे घर कोणत्या रांगेत कितवे, आणि तिचा वाटा किती, असा क्रम लागतो. एका वाट्याचे मान वर्षाला १०० कलम (धान्याचे माप) भात असे ठरवलेले आहे. वारस कोण व्हावे हेही सांगितले आहे. घरे उभी असती तर त्यांची रांग पाहून घरांची संख्या कळली असती. परंतु दक्षिणेकडील रांगेतील तिसरे घर कोणाचे आणि तिला किती भात मिळावयाचे, हे कोणत्याही भिंतीकडे पाहून कळले नसते. व्यवस्था-डेटाबेसचे मूल्य या दुसऱ्या वर्गात आहे. फाइलींवरून पॅनेल नव्याने रचता येते असे सांगणारे लोक पहिल्या वर्गापुरतेच बोलत असतात.

नोंदीवाचून वस्तूची काय गत होते, याचेही उदाहरण त्याच गावात आहे. तंजावरच्या मराठी राजवटीचा कारभार मोडीत चाले. त्या कागदांचे शेकडो रुमाल, म्हणजे गठ्ठे, सरस्वती महाल ग्रंथालयात आणि अन्यत्र जतन झाले. कागद शाबूत आहेत. पण ज्या रुमालाची सूची झालेली नाही, त्यातील कागद अभ्यासकाच्या दृष्टीने असून नसल्यासारखा. सूची तयार करावयास मोडी वाचणारा माणूस लागतो, आणि एकेका कागदामागे वेळ जातो. वस्तूवरून नोंद रचणे शक्य असते तेथेही ते महाग पडते.

आता बिघाडाचे प्रकार. पुनःस्थापनेत होणाऱ्या हानीपैकी मोठा भाग प्रकार न ओळखता उपाय योजल्यामुळे होतो, म्हणून हा भेद काटेकोर केला पाहिजे. प्रकार चार आहेत. (१) सेवाबाधा : डेटाबेसची सेवाच सुरू होत नाही. डिस्क भरली आहे, मेमरी कमी पडली आहे, किंवा संरचना-फाइलीत चुकीची ओळ गेली आहे. येथे विदा अबाधित असते. जागा मोकळी केली, ओळ सुधारली की सेवा उभी राहते. या प्रकारात प्रत भरणे म्हणजे धडधाकट नोंद पुसून जुनी नोंद लादणे होय. (२) अधिकारभंग : डेटाबेस चालू आहे, पण पॅनेलजवळचा पासवर्ड आणि डेटाबेसमधील पासवर्ड जुळत नाहीत. प्लेस्कच्या बाबतीत प्रशासकाचा हा पासवर्ड ‘पीएसए शॅडो’ या लपलेल्या फाइलीत असतो. दोहोंचा मेळ घातला की काम संपते. (३) संरचनाभंग : डिस्कवरील फाइलीच बिघडल्या आहेत. (४) अर्थभंग : फाइली ठीक, टेबले ठीक, पण आशय चुकीचा, कोणी तरी चुकीच्या ओळी पुसल्या, किंवा नव्या आवृत्तीकडे जाण्याचे काम अर्ध्यावर तुटले.

पुनःस्थापनेचा अधिकार फक्त तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारास आहे. तिसऱ्याचे थोडे अधिक विवरण हवे. मायएसक्यूएल व मारियाडीबी यांतील इनोडीबी हे भांडार विदा १६ किलोबाइटच्या पानांत ठेवते आणि प्रत्येक पानाबरोबर पडताळा-अंक लिहिते. वीज अचानक गेली तर बहुतेक वेळा ते आपल्या पुनर्लेखन-नोंदीवरून स्वतःच सावरते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशासारख्या वादळी मुलखात या गुणाची किंमत कळते. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या गज चक्रीवादळानंतर तंजावर जिल्ह्याच्या काही भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. मात्र डिस्कने लिहिल्याचे सांगून प्रत्यक्षात लिहिले नसेल, तर स्वतः सावरणे शक्य होत नाही. अशा वेळी इनोडीबीला ‘सक्तीची पुनःप्राप्ती’ या पर्यायाने १ ते ६ या पायऱ्यांवर सुरू करता येते. पायरी सर्वांत खालची घ्यावी आणि गरजेपुरतीच चढावी. चौथ्या आणि तिच्या वरच्या पायऱ्यांवर विदा कायमची बिघडू शकते, असे खुद्द निर्मात्यांनीच सांगून ठेवले आहे. सेवा सुरू झाली की वाचेल तेवढे काढून घ्यावे. त्या अवस्थेत कारभार चालू ठेवू नये. जे निघेल ते अपुरे असले तरी ताज्या क्षणाचे असते, आणि पुढे मेळ घालताना त्याचा उपयोग होतो.

प्रतींचेही प्रकार पाहिले पाहिजेत. पहिली भौतिक प्रत : डेटाबेसच्या फाइलींची जशीच्या तशी नक्कल. ती वेगाने भरता येते, परंतु सेवा चालू असताना घेतली असेल तर निरुपयोगी ठरण्याचा संभव, आणि मुळातील संरचनाभंग तिच्यातही उतरतो. दुसरी शाब्दिक प्रत, म्हणजेच व्यवहारातील ‘डंप’. यात फाइली नसतात. टेबल असे रचावे, त्यात या ओळी भराव्यात, अशी आज्ञांची क्रमवार मालिका असते. तिसरी अनुगामी प्रत, म्हणजे ‘रेप्लिका’ : मूळ डेटाबेसमागून क्षणोक्षणी चालणारा दुसरा डेटाबेस. अनुगामी प्रत यंत्र बंद पडल्यास कामी येते, पण अर्थभंगापासून तिचे संरक्षण शून्य. मुळात ओळ पुसली की क्षणभराने तिच्यातही पुसली जाते. तिला बॅकअप म्हणू नये.

शाब्दिक प्रतीचे शुद्ध उदाहरण तंजावरच्या उत्तरेस, कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावरील तिरुमळवाडी येथे आहे. तेथील वैद्यनाथ मंदिराचे गर्भगृह नव्याने बांधण्याची आज्ञा राजराजाने आपल्या २८ व्या राज्यवर्षात दिली. भिंतींवर जुने दानलेख होते. भिंती पाडण्यापूर्वी त्या लेखांची नक्कल पुस्तकात उतरवून घ्यावी, असे त्या आज्ञेत सांगितले होते. पुढे त्याचा पुत्र राजेंद्र याच्या १४ व्या राज्यवर्षात, म्हणजे सुमारे एका तपानंतर, ते लेख नव्या भिंतींवर पुन्हा कोरण्यात आले. येथे तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. नक्कल विध्वंसाच्या आधी झाली; तिचे माध्यम मुळाहून वेगळे होते; आणि पुन्हा कोरताना जुने दगड जोडले नाहीत, शब्द जोडले. शाब्दिक प्रतीचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही या तिसऱ्या गोष्टीत आहेत. मुळाची भेग प्रतीत येत नाही. परंतु शब्दांच्या बाहेर जे काही मुळाला चिकटलेले होते, तेही येत नाही.

आता प्लेस्कच्या स्वयंचलित प्रतींकडे वळू. पॅनेलचे दैनिक देखभाल-कार्य व्यवस्था-डेटाबेसचा एक संकुचित डंप ‘वार, लिब, पीएसए, डंप्स’ या मार्गावर ठेवते. सर्वांत ताज्या डंपच्या नावात शून्य हा अंक असतो. नवा डंप आला की शून्याचा एक होतो, एकाचा दोन, आणि ठरलेल्या संख्येपलीकडचा डंप पुसला जातो. आवृत्ती बदलण्यापूर्वीही एक डंप निघतो आणि त्याच्या नावात तसा उल्लेख असतो. अर्धवट तुटलेल्या श्रेणीवाढीवर हाच डंप उपाय होय, दैनिक नव्हे. तिरुमळवाडीच्या पुस्तकाशी त्याचे साम्य थेट आहे.

या योजनेत दोन दोष अंगभूत आहेत. पहिला दोष फिरत्या क्रमांकाचा. अर्थभंग झाल्यानंतर तो ध्यानात येईपर्यंत काही दिवस गेले, तर रोजचा नवा डंप बिघडलेल्या नोंदीचाच निघतो आणि चांगला डंप एकेक अंक मागे सरकत शेवटी नाहीसा होतो. यंत्र आपले काम चोख करते. बिघाडाची प्रत काढू नये हे त्याला ठाऊक नसते. म्हणून बिघाड कळताच सर्व डंप तत्काळ अन्यत्र हलवणे हे पहिले कर्तव्य ठरते. दुसरा दोष स्थानाचा. डंप त्याच डिस्कवर असतो जिच्यावर मूळ डेटाबेस असतो. संरचनाभंगाचे कारण डिस्क असेल, तर प्रतही त्याच कारणाच्या तावडीत सापडते.

स्थान आणि माध्यम दोन्ही बदलले म्हणजे काय साधते आणि काय साधत नाही, हे बृहदीश्वर मंदिरातीलच दुसऱ्या एका लेखावरून दिसते. १८०३ साली सरफोजीराजे यांच्या कारकिर्दीत भोसले घराण्याचा इतिहास मराठीत मंदिराच्या भिंतीवर कोरण्यात आला. ‘भोसलेवंशचरित्र’ म्हणून प्रसिद्ध असलेला हा लेख जगातील सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. काळ लक्षात घेण्याजोगा आहे. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजांच्या हाती किल्ला आणि त्याचा परिसर एवढेच उरले होते. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्रहीन वारले आणि संस्थान खालसा झाले. राजवाड्यातील मालमत्तेवर कंपनीने ताबा मिळवला, त्यावरून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दावा चालला. या सर्व उलथापालथीचा भिंतीवरील मजकुराला स्पर्श झाला नाही, कारण तो वाड्याबाहेर होता आणि दगडावर होता. ही झाली लाभाची बाजू. हानीची बाजू अशी की हा लेख १८०३ पाशी थांबतो. त्यानंतर सरफोजींनी जवळजवळ तीस वर्षे राज्य केले. आजच्या सरस्वती महालाला जे वैभव आले ते बरेचसे त्या वर्षांतले. लेखात त्याचा मागमूस असणे शक्यच नाही. जी प्रत जितकी सुरक्षित, ती बहुधा तितकी जुनी. हा नियम सर्व्हरवरही तसाच लागू आहे, आणि प्रतीचा दिनांक हा प्रतीच्या आशयाइतकाच महत्त्वाचा घटक आहे.

पुनःस्थापनेपूर्वी तीन अटी तपासाव्यात. पहिली आवृत्तीची. डंप ज्या आवृत्तीच्या पॅनेलचा, त्याच आवृत्तीचे पॅनेल सर्व्हरवर असले पाहिजे. अन्यथा टेबलांची रचना आणि ती वाचणारा प्रोग्राम यांत विसंवाद होतो. दुसरी किल्लीची, आणि ती सर्वांत उपेक्षित आहे. पीएसएमधील पासवर्ड सांकेतिक रूपात असतात; ते उलगडणारी गुप्त किल्ली डेटाबेसमध्ये नसते. ती ‘एटसी, पीएसए, प्रायव्हेट’ या निर्देशिकेत स्वतंत्र फाइलीत असते. दैनिक डंप डेटाबेसचा असल्यामुळे त्यात ती येत नाही. त्याच सर्व्हरवर पुनःस्थापना करताना हे जाणवत नाही. नव्या यंत्रावर केवळ डंप नेला तर नोंद संपूर्ण भरली जाते, डोमेनांची नावे दिसतात, ग्राहकांची नावे दिसतात, आणि साठवलेला पासवर्ड मात्र एकही उलगडत नाही. तिसरी अट जागेची : मूळ, त्याची नक्कल आणि उलगडलेला डंप एवढे सर्व एकाच वेळी मावले पाहिजे. डिस्क भरल्यामुळे आलेला बिघाड दुरुस्त करताना पुन्हा डिस्क भरावी, असे प्रसंग विरळा नाहीत.

क्रिया पाच टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात लेखन थांबवावे : पॅनेलची सेवा बंद, ठरावीक वेळची कामे बंद, दैनिक देखभाल तर आवर्जून बंद, कारण ती नवा डंप काढून जुना ढकलील. संकेतस्थळे चालू ठेवता येतात. दुसऱ्या टप्प्यात बिघडलेली सद्यःस्थिती जशी आहे तशी बाजूला ठेवावी. बिघडलेल्या नोंदीतही कालच्या डंपनंतरच्या ओळी असतात, आणि त्या अन्यत्र कोठेही नसतात. घाईत हा टप्पा गाळला जातो आणि नंतर त्याचीच हळहळ होते.

तिसऱ्या टप्प्यात डंपची परीक्षा करावयाची. परीक्षा दोन पातळ्यांवर होते. संकुचित फाइल अखंड आहे की नाही, हे ‘जीझिप’चा तपासणी-पर्याय सांगतो. परंतु अखंड फाइलीत तुटका मजकूर असू शकतो : डंप निघत असताना डिस्क भरली, तर तेवढाच मजकूर व्यवस्थित बांधला जातो. म्हणून फाइलीचे शेपूट वाचावे. ‘मायएसक्यूएलडंप’ काम पुरे झाल्यावर अखेरची ओळ म्हणून ‘डंप कम्प्लीटेड ऑन’ अशी टीप, दोन आडव्या रेघांमागे, दिनांक-वेळेसह लिहितो. ही ओळ असेल तर डंप शेवटापर्यंत गेला. नसेल तर मागच्या अंकाकडे वळावे. दोन पळांचे काम आहे, वाचणारे थोडे.

चौथा टप्पा विभाजनाचा. एकाच डंपमध्ये अनेक डेटाबेस एकापाठोपाठ असतात, आणि प्रत्येकाच्या आरंभी ‘करंट डेटाबेस’ अशी टीप आणि त्याचे नाव येते. बिघडला असेल तेवढाच भाग वेगळा काढावा, बहुधा पीएसएचा. सबंध डंप भरणे सोपे वाटते, पण त्यात खुद्द ‘मायएसक्यूएल’ या नावाचा डेटाबेस असला, तर डेटाबेसच्या सर्व वापरकर्त्यांची नावे आणि अधिकार जुने होतात, आणि ज्यांचे काही बिघडले नव्हते अशा ग्राहकांची संकेतस्थळे बंद पडतात. काढलेला भाग आधी निराळ्या यंत्रावर भरून पाहावा. टेबले किती, डोमेने किती, सर्वांत अलीकडे नोंदलेले ग्राहक कोण, हे नजरेखालून घालावे. मगच मूळ जागी भरावा. ‘प्लेस्क रिपेअर डीबी’ ही आज्ञा नोंदीची अंतर्गत सुसंगती तपासते. तिला प्रथम ‘एन’ हा पर्याय जोडावा, म्हणजे ती दोष दाखवते पण हात लावत नाही.

येथवर आल्यावर पॅनेल उघडते, आणि बहुतेक जण येथेच थांबतात. आरंभीच्या व्याख्येनुसार पुनःस्थापनेचा मुख्य भाग अजून व्हावयाचाच आहे. नोंद आता डंपच्या क्षणाची आहे आणि वस्तू आजच्या आहेत. पाचवा टप्पा त्यांचा मेळ घालण्याचा, आणि तोच कठीण.

डंप आणि बिघाड यांच्यातील काळास ‘अंतराल’ म्हणू. अंतरालात जे घडले त्यामुळे तीन वर्ग निर्माण होतात. नोंदीतही आहे आणि प्रत्यक्षातही आहे, तो संवादी वर्ग. नोंदीत आहे पण प्रत्यक्षात नाही, तो निर्वस्तुक वर्ग : अंतरालात रद्द झालेले डोमेन पुन्हा यादीत दिसू लागते. प्रत्यक्षात आहे पण नोंदीत नाही, तो अनोंद वर्ग : अंतरालात काढलेल्या नव्या डोमेनची निर्देशिका आहे, टपालपेटी आहे, डेटाबेस आहे, पॅनेलला त्याची खबर नाही. यांखेरीज संवादी वर्गाच्या पोटात एक उपवर्ग दडलेला असतो : वस्तू आहे, नोंद आहे, पण तपशील जुना आहे. बदललेला पासवर्ड, वाढवलेली जागा, नवी मालकी. हा उपवर्ग शोधणे सर्वांत अवघड, कारण तेथे कोणतीच गोष्ट गहाळ दिसत नाही.

निर्वस्तुक आणि अनोंद या वर्गांची किंमत सारखी नाही. निर्वस्तुक नोंद निरुपद्रवी असते. चौकशी करून काढून टाकता येते. अनोंद वस्तूला मात्र खरा धोका आहे, आणि तो पुनःस्थापनेतूनच उद्भवतो. पॅनेल नोंदीला प्रमाण मानते. वेब सर्व्हरच्या संरचना-फाइली नव्याने लिहिण्याची आज्ञा दिली, की ते नोंदीत असलेल्या डोमेनांपुरत्याच फाइली लिहिते. जे संकेतस्थळ बिघाडाच्या काळातही चालू होते, ते दुरुस्तीनंतर बंद पडते. म्हणून ‘प्लेस्क रिपेअर वेब’ यासारखी पुनर्लेखन करणारी आज्ञा देण्यापूर्वी डिस्कवरील निर्देशिका, टपालपेट्या आणि डेटाबेस यांची स्वतंत्र यादी करून ती नोंदीशी ताडून पाहणे अपरिहार्य आहे. बाजूला ठेवलेल्या बिघडलेल्या नोंदीतून अंतरालातील ओळी काढता आल्या तर उत्तमच. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीत बायनरी लॉग मुळातच चालू असतो, आणि तो शाबूत असल्यास अंतरालातील प्रत्येक बदल क्रमाने पुन्हा लावता येतो. मारियाडीबीत तो मुळात बंद असतो, मुद्दाम चालू करावा लागतो. या एका फरकावर अंतरालाचे भवितव्य ठरते, आणि तो बहुतेकांना बिघाडाच्या दिवशीच कळतो.

नोंद जुनी आणि वस्तू नव्या, या स्थितीत प्रमाण कोणाला मानावे? सरस्वती महालाच्या सूचींचा क्रम येथे उपयोगी पडतो. तंजावरच्या राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची ए. सी. बर्नेल यांनी केलेली वर्गीकृत सूची १८८० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. ती त्या काळाची नोंद होय. पुढे १९१८ मध्ये ग्रंथालय सरकारी व्यवस्थेखाली सर्वांसाठी खुले झाले, आणि लांडगे, कागलकर, पतंग अवधूत अशा घराण्यांचे व पंडितांचे संग्रह त्यात येऊन मिळाले. बर्नेल यांच्या सूचीच्या दृष्टीने पोथ्यांची ही सर्व भर अनोंद होय. १९२८ पासून पी. पी. एस. शास्त्री यांनी वर्णनात्मक सूचीचे खंड काढले तेव्हा जुनी सूची हाताशी होती. तरीही पोथी प्रत्यक्ष उघडून तिचा आरंभ, शेवट, पत्रे, लिपी पाहिल्यावाचून वर्णनात्मक सूची होऊच शकत नाही. जुन्या सूचीत नाही म्हणून कोणी पोथी फेकून दिली नाही. ग्रंथपालाच्या या वर्तनातून निर्णयाचा नियम काढता येतो : अस्तित्वाच्या प्रश्नात वस्तू प्रमाण, अधिकाराच्या प्रश्नात नोंद प्रमाण. निर्देशिका आहे तर डोमेन आहे असे धरावे आणि नोंद वाढवावी. पण ते कोणाचे, हे निर्देशिकेवरून ठरवू नये, ते करारपत्र, पावती किंवा ग्राहक यांना विचारून ठरवावे. पॅनेलचे स्वयंचलित दुरुस्तीकार्य दोन्ही प्रश्नांत नोंदीलाच प्रमाण मानते. त्यामुळे निर्णय त्याच्यावर सोपवता येत नाही.

वर मांडलेला वस्तू आणि नोंद हा भेद कल्पित नाही, याचा पुरावा म्हणून एक प्रकट प्रकरण पुरेसे आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेच्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची निर्देशिका पुसली गेली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम ४.५ गिगाबाइट उरले. कंपनीने झाला प्रकार स्वतःच तपशीलवार जाहीर केला, हे तिच्या श्रेयाचे. दैनिक डंपची योजना होती, परंतु डंप नव्हते : डंप काढणारा प्रोग्राम पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९.२ आवृत्तीचा आणि सर्व्हर ९.६ चा, त्यामुळे प्रत्येक रात्री तो चूक सांगून थांबत होता. चूक झाल्याची सूचना ईमेलने जात होती आणि स्वाक्षरीच्या नियमांमुळे ते ईमेल परत फिरत होते. शेवटी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कोणी हाताने काढलेला डिस्कचा स्नॅपशॉट कामी आला. सेवा पूर्ववत व्हावयास सुमारे १८ तास लागले. ग्राहकांच्या कोडच्या रिपॉझिटऱ्या, म्हणजे वस्तू, सुरक्षित राहिल्या. गेले ते सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदींतील बदल, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती : सर्व नोंदीच्या वर्गातले, आणि सर्व सहा तासांच्या अंतरालातले.

या प्रकरणात प्रत काढणे स्वयंचलित होते, प्रत तपासणे नव्हते. तपासणीही यंत्राकडे देता येते, पण तिचा निकाल ज्या मार्गाने पोहोचतो तो मार्ग बंद असल्यास यंत्राचे मौन यशाचे मौन समजले जाते. म्हणून निकाल न येणे हाच दोष मानणारी व्यवस्था हवी : डंप झाल्याची खूण ठरलेल्या वेळेत दुसऱ्या यंत्रावर पोहोचली नाही, तर त्या दुसऱ्या यंत्राने ओरड करावी.

ज्यांच्या हाती एखादा सर्व्हर आहे त्यांनी या विवेचनातील इतर सर्व गोष्टी सवडीने कराव्यात. दोन मात्र आज कराव्यात. ताजा डंप उलगडून त्याची अखेरची ओळ डोळ्यांनी वाचावी. आणि गुप्त किल्लीची फाइल डंपांपासून वेगळ्या, पण ठाऊक असलेल्या जागी, दुसऱ्या यंत्रावर नेऊन ठेवावी.